अक्काचं मुकं वर्ष

आमच्या अक्काच्या लक्षात माणसांचे चेहरे राहायचे नाहीत. दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेलेल्या माणसाला ती तिसऱ्या वेळी दारातच विचारायची, "कोण पाहिजे आपल्याला?" मेंढीचा चेहरा मात्र ती जन्मात विसरली नाही. कळपात एकशे तीस मेंढरं होती. कुणाचा कान लहानपणी कुत्र्याने फाडला, कोण कुणाची लेक, कुणाची आजी उतारावरून घसरून गेली, हे ती दात घासता घासता सांगायची. मी एकदा म्हटलं, "मला तर सगळ्या सारख्याच दिसतात." त्यावर ती म्हणाली, "चालायचंच. त्यांनाही तू काही वेगळा दिसत नसशील."

ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती चौथीत असताना आईने अंथरूण धरलं आणि अक्काची शाळा सुटली ती कायमची. वर्षभरात आई गेली. पुढे अक्काचं दप्तर माझ्याकडे आलं आणि बाबांच्या मागून चालायचं काम तिच्याकडे राहिलं. मी शिकलो, शहरात गेलो, छापखान्यात लागलो. वर्षातून दोनदा चार-चार दिवसांसाठी यायचो, म्हणून तिने मला 'पाहुणा' म्हणायला सुरुवात केली. "पाहुण्यांना गरम पाणी द्या हो, पाहुण्यांचे पाय दुखत असतील." मला राग यायचा. पण पाणी मिळायचं.

बाबांचे गुडघे गेले तेव्हा ती पंचविशीत होती. तिथून पुढे अठरा वर्षं कळप तिनेच सांभाळला. थंडी सरताना मेंढ्या व्यायच्या, मग कातरणी, ऊन तापलं की वर डोंगरावरच्या गवताला, पाऊस थांबला की खाली, मग मेंढे सोडायचे आणि पुन्हा थंडीची वाट पाहायची. या रहाटगाडग्यात तिचं लग्न राहून गेलं. एक स्थळ आलं होतं, पण ती मंडळी नेमकी वेताच्या दिवसांत आली आणि अक्का कोपरापर्यंत रक्ताने माखलेले हात घेऊन बाहेर आली. "बसा, दुसरं अडकलंय, आलेच," म्हणाली आणि परत आत गेली. ती आली तेव्हा बसायला कुणी नव्हतं.

मग छापखाना बंद पडला. मी बायकोला घेऊन, दोन ट्रंका आणि एक पंखा घेऊन घरी परतलो. पहिले दोन महिने मी काही काम नसल्याचं काम करत होतो, म्हणजे अंगणात खुर्ची इकडून तिकडे हलवत होतो. एका सकाळी बाबांनी आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीजवळच्या बाकावर बसून ते म्हणाले, "कळप आता मुलाकडे जाऊ दे. मुलीचं काय, आज आहे, उद्या नाही."

अक्का त्रेचाळीस वर्षांची होती. बाबांचा तो उद्या कधी उजाडणार होता, देव जाणे.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. तळाशी चहापत्ती होती, ती मी बारकाईने पाहत बसलो. एक वाक्य पुरलं असतं: बाबा, कळप तिचा आहे, मी तिच्या हाताखाली काम करीन. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. चाळिशीच्या तोंडावर रिकाम्या हाताने घरी आलेल्या माणसाला कुणी काही देऊ केलं तर ते कुणाचं आहे, हे तो विचारत नाही.

"कधीपासून?" अक्काने विचारलं.

"उद्यापासून," बाबा म्हणाले.

"मग आज संध्याकाळी मीच आणते त्यांना घरी."

आता इथे आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. प्रत्येक मेंढपाळाची स्वतःची हाक असते. बाबांची हाक खालच्या आवाजातली, खोकल्यासारखी होती. अक्का जीभ टाळूला लावून एक लांब, उंच आवाज काढायची आणि शेवटी तो एकदम तोडायची. कळप हाकेला येतो, माणसाला नाही. म्हणून कळप एकाकडून दुसऱ्याकडे गेला, की जुन्याने वर्षभर तोंड बंद ठेवायचं. एक वेत, एक कातरणी, एकदा वर जाणं आणि एकदा खाली येणं, एवढं सगळं होईपर्यंत मेंढरांच्या कानावर त्याचा आवाज पडता कामा नये. हाक तर नाहीच, साधं बोलणंही नाही. दोन आवाज कानावर राहिले तर कळप दुभंगतो, असं बाबा सांगायचे. अक्काने कळप घेतला तेव्हा बाबांनीही हे मुकं वर्ष पाळलं होतं.

त्या संध्याकाळी तिने हाक दिली. मी आत होतो. मेंढरं अंगणाच्या कुंपणातून धावत आली तेव्हा भिंतीवरचा आरसा हलला. नंतर ती आत आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "झालं."

वेत सुरू झालं तेव्हा माझी खरी फजिती झाली. मेंढवाड्यात मी, अक्का आणि कण्हणाऱ्या मेंढ्या. अक्काला बोलायचं नाही आणि मला काही येत नाही. कोकराचा एक पाय मागे अडकला होता, तो कसा सरळ करायचा हे ती मला खुणांनी सांगत होती. मी भलताच पाय ओढला तेव्हा तिने माझ्या मनगटावर चापट मारली, मला बाजूला ढकललं आणि दोन बोटांत काम केलं. एका मेंढीचं कोकरू मेलं, दुसऱ्या एका कोकराची आई गेली. अक्काने मेलेल्या कोकराचं कातडं सोलून ते पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं घातलं आणि त्या मेंढीपुढे सोडलं. मेंढीने वास घेतला, पुन्हा घेतला आणि कास पुढे केली. अक्काने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. कळलं का, असा त्याचा अर्थ होता. मला कळलं नव्हतं, पण मी मान डोलावली.

दिवसभर कोंडलेलं सगळं बोलणं ती जेवताना बाहेर काढायची. "ती चार वाजता व्यालेली, डाव्या डोळ्याखाली ठिपका असलेली, तिला चीक कमी आहे, सकाळी कोकराला दुसरीकडे पाज. आणि नाळेला औषध लावताना फुंकू नकोस, मेल्या. आणि तो कोपऱ्यातला पेंढा ओला आहे." माझी बायको हसून म्हणायची, "अक्का, आधी जेवा तरी." अक्का म्हणायची, "जेवण तिथेही करता येतं गं. बोलणं तिथे करता येत नाही."

आणि माझी हाक! पहिल्या दिवशी मी दिली तेव्हा घशात काटा अडकल्यासारखा आवाज आला. मेंढरांनी माना वर केल्या, मला एकदा नीट पाहून घेतलं आणि पुन्हा चरायला लागली. कळपाच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेली एक म्हातारी मेंढी चालायची. तिला आम्ही मास्तरीण म्हणायचो. मास्तरणीने तर माझ्याकडे पाठच फिरवली. कुत्र्याने आणि काठीने मी त्यांना घरी आणायचो आणि वाटेत त्यांना शिव्या द्यायचो.

पण त्या वर्षी जन्मलेली कोकरं माझी होती. बावन्न कोकरं. त्यांनी दुसरी हाक ऐकलीच नव्हती. तीन आठवड्यांची झाली आणि माझ्या त्या भसाड्या आवाजाला चारी पाय उचलून धावत यायला लागली. माझ्या पायांत घुसायची, बोटं चोखायची. मला एवढा आनंद छापखान्यात वीस वर्षांत कधी झाला नव्हता. मी घरी जाऊन सांगितलं, "आली! सगळी आली!" अक्का लोकरीचा गुंता सोडवत बसली होती. ती म्हणाली, "छान झालं." तिला खरंच छान वाटलं होतं, एवढं मी तिला ओळखतो. दुसरंही काही वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

कातरणीला पुन्हा तीच पुढे. मेंढी दोन गुडघ्यांत धरून ती पोटापासून सुरुवात करायची आणि सगळी लोकर एका सलग कांबळ्यासारखी उतरवायची. मेंढ्या तिच्या मांडीत निमूट पडायच्या. मी धरली की लाथा. चार दिवस ती कातरत होती, हूं की चूं न करता, आणि ज्यांच्याशी अठरा वर्षं बोलली त्यांच्या कानाजवळ तोंड असूनही ओठ दाबून. पाचव्या दिवशी तिच्या खालच्या ओठावर दातांचे व्रण होते.

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली होती. ती गप्प असली तरी मोठी मेंढरं तिच्याच मागे जायची. ती उजवीकडे वळली की मास्तरीण उजवीकडे. म्हणून डोंगरावर जायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मी येत नाही. मी असले तर ती तुझं ऐकणार नाहीत." तेहतीस वर्षांत तिने एकही उन्हाळा खाली काढला नव्हता. मी म्हटलं, "ये की गं, मला एकट्याला जमायचं नाही." मी हे मनापासून म्हटलं का? अर्धं मनापासून म्हटलं. अर्ध्या मनाला वाटत होतं, राहिलीस तर बरं.

पावसाने दोन महिने जास्त काढायला लावले, म्हणून वर मी सहा महिने होतो. खूर कापायला शिकलो, खुरात कुजकं दिसलं की औषध लावायला शिकलो, ढग कोणत्या कड्याला टेकले की पाऊस येतो हे शिकलो. मोठी मेंढरं माझ्या हाकेला हळूहळू, उपकार केल्यासारखी यायला लागली. दहापैकी सहा वेळा यायची. खाली आलो तेव्हा बायकोने सांगितलं, "तुमच्या अक्का रोज संध्याकाळी मेंढरं परत यायच्या वेळेला गल्लीच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, पाय मोकळे करते."

खाली आल्यावर पहिले काही दिवस नदीतल्या बेटावर चारायची आमची पद्धत होती. पाऊस संपला की तिथे गवत गुडघाभर असतं आणि मधलं पाणी घोट्याएवढं. त्या सकाळी मी कळप घेऊन निघालो तेव्हा अक्का कुंपणापाशी उभी होती. तिने नदीच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. लांब, डोंगरांच्या मागे, आभाळ काळं होतं. मी म्हटलं, "ते तिकडे आहे गं." तिने पुन्हा बोट दाखवलं. मी निघालो. अकरा महिने झाले होते आणि मला आता कुणाच्या बोटाकडे बघायचं नव्हतं.

दुपारी मी कळप बेटावर सोडून काठावर डबा खायला आलो. डबा संपेपर्यंत पाणी गढूळ झालं होतं. मग काटक्या यायला लागल्या, मग फेस. मी उठून हाक दिली. कोकरं, म्हणजे आता आठ महिन्यांची झालेली पिल्लं, लगेच पाण्याच्या कडेला आली. पण मोठी पुढे झाल्याशिवाय ती पाण्यात उतरणार कशी? आणि मोठी बेटाच्या मधोमध उभी. मास्तरीण पाण्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी पुन्हा हाक दिली. पुन्हा. घंटा हललीसुद्धा नाही.

तेवढ्यात अक्का धावत आली. धापा टाकत होती. बोलली नाही. रीत ती रीत. तिने स्वतःच्या गळ्याला बोट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. हाक देऊ का?

मी म्हटलं, "थांब. येतील."

पाणी घोट्याचं गुडघ्याएवढं झालं होतं. त्या वेळी तिने हाक दिली असती तर सगळा कळप चालत आला असता, पिल्लंसुद्धा मागोमाग. पण माझ्या डोक्यात एकच: एक महिना राहिला आहे. आत्ता तिने तोंड उघडलं तर वर्ष वाया जाणार, मास्तरीण पुन्हा तिची होणार. मी ओरडत राहिलो. अक्का तोंडावर हात दाबून उभी होती. तिने पुन्हा गळ्याला बोट लावलं. मी मान हलवली, नाही. पाव तास गेला असेल. पाणी कमरेला आलं तेव्हा मी म्हटलं, "दे. अक्का, दे."

तिने हाक दिली. अकरा महिन्यांनी. तशीच लांब, उंच, शेवटी तुटलेली. मास्तरणीने मान वळवली आणि सरळ पाण्यात उडी घेतली. तिच्या मागे सगळी मोठी. डोकी वर काढून, प्रवाहात तिरकी होत, अक्काच्या आवाजाकडे पोहत निघाली.

पिल्लं मात्र दचकली. तो आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. पाण्याचा गोंगाट, त्यात ही परकी किंकाळी. थोडी आयांच्या मागे पाण्यात पडली आणि तरली. बाकीची उलटी फिरून बेटाच्या पलीकडच्या टोकाला पळाली. त्यांना माझा आवाज हवा होता. मी तिथेच, अक्कापासून दहा पावलांवर उभा होतो.

आणि मी गप्प होतो. का, ते सांगतो, कारण ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला राग आला होता. अकरा महिने मी घसा फोडला आणि मोठी मेंढरं एका हाकेत अक्काकडे गेली. माझी मेंढरं वाचत होती आणि मी फुगून उभा होतो. जणू म्हणत होतो, घे, तूच आण सगळी. अक्का हाक देता देता माझ्याकडे हात करत होती, तू पण, तू पण. मी ते पाहिलं. शंभर आकडे मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी ते पाहत राहिलो. मग भानावर आलो आणि ओरडलो. पिल्लांनी ओळखलं, धावत या टोकाला आली, पाण्यात उतरलीसुद्धा. पण तोवर पाणी माणसाच्या छातीला लागलं होतं. चौतीस गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ती खालच्या झुडपांत अडकलेली सापडली. आम्ही दोघांनी खड्डे खणले. पुरण्याआधी अक्का प्रत्येकाचं तोंड पुसून हे कुणाचं ते सांगत होती. कळप जवळ नव्हता, म्हणून तिला बोलता येत होतं. शेवटचा खड्डा बुजवून ती फावड्यावर हात टेकून उभी राहिली. कामातली एखादी अडचण विचारावी तसं तिने विचारलं, "तू मध्येच गप्प का झालास रे? तुझी तुझ्या हाकेला आली असती."

"घसा बसला," मी म्हटलं. "आधी एवढा ओरडलो ना."

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, बरोबर." घरी गेल्यावर तिने पाणी उकळलं, मीठ घातलं आणि तांब्या माझ्यापुढे ठेवला. "गुळण्या कर. दिवसातून तीनदा." धडधाकट घशाने मी तीन दिवस गुळण्या केल्या. बायको बघत होती.

आठवड्याने मी बाबांना सांगितलं, कळप अक्काला द्या. ते लगेच तयार झाले. गुडघ्यांवर हात फिरवत म्हणाले, "माझं चुकलंच." पण अक्काच ऐकेना. "माझ्या आवाजाला बुजली ती," ती म्हणाली. "चौतीस जीव माझ्या हाकेने गेले. आता मी मेंढरांपुढे तोंड उघडणार नाही." बाबांनी समजावलं. बायकोने समजावलं. मीही समजावलं, "तुझा काय दोष त्यात?" खरं वाक्य सोडून बाकी सगळं बोललो. ते एक वाक्य बोललो असतो तर ती मला चार शिव्या देऊन, कदाचित काठीने बडवून, दुसऱ्या दिवशी कळप घेऊन गेली असती.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. बाबा गेले. अक्का शेजारच्या गावात लोकर निवडण्याच्या शेडमध्ये कामाला जाते. पांढरी एकीकडे, करडी एकीकडे, दिवसभर उभं राहून. वेताला आणि कातरणीला अजूनही येते आणि मुकी काम करते. वर्ष केव्हाच संपलं, पण तिने ते संपवलं नाही.

परवा कातरणीला एक नवा डॉक्टर लसी टोचायला आला होता. काम झाल्यावर आम्ही घरात चहाला बसलो. बेटावरचं गवत एवढं चांगलं असताना तुम्ही तिथे का चारत नाही, असं त्याने सहज विचारलं. अक्काने त्याला सगळं सांगितलं, आपल्या हाकेने पिल्लं कशी उलटी पळाली तेही. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तुम्ही का नाही हाक दिली?"

मी कप खाली ठेवला. अक्काने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला वाचवायला ती घाईघाईने म्हणाली, "त्याला काही बोलू नका हो. बिचाऱ्याचा घसा बसला होता त्या दिवशी. नाही का रे?"

"हो," मी म्हटलं.